पाळी गेली, आता कसला एचआयव्ही? नाशिकच्या काकू-मावश्यांचे नेहमीचे प्रश्न

हळदीकुंकू असो, बचत गटाची मीटिंग असो नाहीतर भजनी मंडळ, कार्यक्रम संपला की एक-दोन जणी मागे रेंगाळतात, चपला सापडत नाहीत असं दाखवतात आणि हळूच म्हणतात, "ताई, शेजारणीला विचारायचं होतं." शेजारीण कोण ते मला कळतं, मला कळलंय हे त्यांनाही कळतं, तरी आम्ही दोघी शेवटपर्यंत शेजारणीबद्दलच बोलतो. मी आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्रात, बरीच वर्षं समुपदेशक होते. डॉक्टर नाही. खालचे प्रश्न पंचवटी, सिडको, नाशिकरोड, निफाड, सिन्नर असे सगळीकडून जमा झालेत, आणि जमेल तितके त्यांच्याच शब्दांत ठेवलेत.

पन्नाशी उलटली, नातवंडं झाली, आता मला कसला एचआयव्ही?

असं वाटतं कारण तुम्हाला आजपर्यंत कुणी विचारलेलंच नाही. तुमच्या सुनेची टेस्ट झालीय, दिवस राहिल्यावर पहिल्याच तपासणीत रक्त घेतलं तेव्हा. तुमची बाळंतपणं झाली तेव्हा ही पद्धतच नव्हती, गरोदर बायकांची एचआयव्ही तपासणी आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत सुरू झाली ती २००२ च्या आसपास. आणि देशात पहिल्या केसेस सापडल्या १९८६ मध्ये, चेन्नईत. म्हणजे आज जी बाई साठीची आहे ती तेव्हा विशीची, नुकतीच सासरी आलेली. हा आजार तिच्या संसाराइतकाच जुना आहे या देशात, आणि तिची टेस्ट मात्र एकदाही नाही.

पेपरात टक्केवारी येते ना, "प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण इतकं", ती १५ ते ४९ वयाची असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणवाल्या ताई घरी येऊन एड्सबद्दल काय माहितीय ते विचारतात, त्याही १५ ते ४९ च्या बाईलाच विचारतात. सून आत बसून उत्तरं देते आणि सासूबाई ओट्यावर मेथी निवडत बसतात. मग पन्नाशीच्या बाईला काय माहितीय हे कळणार कुठून, आणि तिला तरी कोण सांगणार. देशात साधारण पंचवीस लाख लोक एचआयव्हीसोबत जगतायत, त्यात बायका चाळीस टक्क्यांच्या वर आहेत आणि राज्यांमध्ये सगळ्यात जास्त संख्या आपल्या महाराष्ट्रात आहे. शिवाय औषधामुळे लोक जगतायत, म्हणजे जी चाळिशीत पॉझिटिव्ह होती ती आता साठीला आलीय. तेव्हा या वयात कसला, असं म्हणू नका.

नवरा सोडून आयुष्यात कुणाकडे बघितलं नाही. मग मला कसा होईल?

माझ्यासमोर बसलेल्या बहुतेक बायकांचं पहिलं वाक्य हेच असायचं. आणि ते खरंही असायचं. बाईच्या वागण्याचा इथे काही संबंध नाही, धोका ठरतो तो तिच्या जोडीदाराला इन्फेक्शन आहे की नाही यावर, आणि ते बहुतेक वेळा त्यालाही माहीत नसतं.

लोक लगेच "ड्रायव्हर लाइन" म्हणून मोकळे होतात. आपल्याकडे आग्रा रोड आहे, लासलगाव-पिंपळगावचा कांदा आहे, द्राक्षाचा सीझन आहे, गाड्या लागणारच. पण मी ड्रायव्हरच्या बायका पाहिल्या तशा ऑफिसातून रिटायर झालेल्या साहेबांच्या पण पाहिल्या, आणि खरं सांगते, दुसऱ्या प्रकारच्या बायका जास्त उशिरा आल्या कारण त्यांच्याबद्दल संशयच कुणाला आला नाही, डॉक्टरांनाही नाही.

अजून एक. औषध नसलं तरी एचआयव्ही शरीरात आठ-दहा वर्षं गुपचूप राहू शकतो, माणूस ठणठणीत दिसतो. म्हणजे आज सापडलेलं इन्फेक्शन दहा वर्षांपूर्वीचं असू शकतं. मिस्टर टीबीने गेले, बरेच दिवस जुलाब होते, वजन पार उतरलं होतं, आणि घरच्यांनी "कावीळ उलटली" म्हणून विषय संपवला, अशी हकीगत असेल तर त्या बाईने स्वतःची टेस्ट करून घ्यावी. गेलेल्या माणसाची बदनामी होईल म्हणून थांबू नये.

पाळी गेल्यावर धोका कमी होतो ना?

मूल होण्याचा धोका जातो. याचा वाढतो.

पाळी जाताना अंगातलं इस्ट्रोजेन कमी होतं, त्यामुळे योनीच्या आतलं अस्तर पातळ आणि कोरडं पडतं. बायका मला सांगतात "आग होते", "ओरखडल्यासारखं वाटतं", "थोडं रक्त दिसलं, परत पाळी आली की काय". ते बारीक चिरे पडलेले असतात आणि व्हायरसला आत जायला तेवढी वाट पुरते. एरवीसुद्धा पुरुषाकडून बाईला लागण होणं हे बाईकडून पुरुषाला होण्यापेक्षा सोपं असतं, त्यात हा कोरडेपणा. पिशवी काढली असेल तरी तेच, पिशवी काढल्याने हा रस्ता बंद होत नाही, आणि सोबत अंडाशय पण काढलं असेल तर कोरडेपणा एकदम येतो.

यावर इलाज आहे. डॉक्टर लावायला क्रीम देतात, मेडिकलमध्ये पाण्याचा बेस असलेली जेली मिळते. हे सोसायचं दुखणं नाहीये, पण आपल्याकडे सोसतातच, आणि डॉक्टर पुरुष असला तर मग बोलायलाच नको.

(पाळी जाऊन वर्ष झालं आणि नंतर परत अंगावर गेलं तर ते "चिरा पडला असेल" म्हणून सोडू नका. ते वेगळं दाखवायचं, लवकर दाखवायचं.)

मग या वयात निरोध वापरायचा? मेडिकलवाला काय म्हणेल?

मेडिकलवाला काही म्हणत नाही, तो पिशवीत घालून देतो. आयसीटीसीत आणि सरकारी दवाखान्यात फुकट पण मिळतात. खरी अडचण घरात असते. आपल्या पिढीत निरोध म्हणजे पाळणा लांबवायची वस्तू, नसबंदी झाली किंवा पाळी गेली की विषय संपला, त्यामुळे साठीची बाई निरोध म्हणाली की नवरा विचारतो "माझ्यावर संशय आहे का". तेव्हा संशयाचं नाव काढू नका, आगीचं काढा. "डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, मला इन्फेक्शन होतं, हे वापरायचं." हे खोटं नाही.

खोबरेल तेल लावू नका निरोधासोबत. व्हॅसलिन पण नाही. तेलाने रबर कमजोर होतं आणि फाटतं, हे कितीतरी जणींना माहीतच नसतं कारण घरात तेलच हाताशी असतं. पाण्याची जेली, बस.

लक्षणं काय असतात?

इथेच घोळ आहे. थकवा, वजन उतरणं, रात्री घाम येऊन गाऊन भिजणं, सांधे दुखणं, विसरायला होणं. आता यातलं पन्नाशीच्या कुठल्या बाईला होत नाही? रात्रीचा घाम म्हटलं की "पाळी जातेय", वजन उतरलं की "शुगर असेल", विसरलं की "वय झालं". बाईने पण तेच म्हणायचं, डॉक्टरने पण तेच. लहान वयाच्या मुलीला हेच झालं तर चार टेस्ट लिहितात.

काही गोष्टी मात्र जास्त लक्ष द्यायच्या: टीबी, महिन्याच्या वर चाललेले जुलाब, तोंडात दह्यासारखा पांढरा थर, परत परत येणारी किंवा अंगभर पसरलेली नागीण, औषध घेऊनही हटत नाही असं अंगावरून पांढरं जाणं. नागीण उतारवयात नुसतीही होते, त्यामुळे घाबरून जाऊ नका, पण टेस्ट करून घ्यायला काय हरकत आहे. आणि लक्षणांची वाट बघत बसायचं नाही हा खरा मुद्दा, कारण वय जास्त असेल तर प्रतिकारशक्ती जास्त वेगाने खाली येते आणि गोळ्या चालू केल्यावर वर यायला पण वेळ लागतो. उशीर तरुण माणसापेक्षा आपल्याला महाग पडतो.

आमचे डॉक्टर वीस वर्षांचे ओळखीचे आहेत. काही असतं तर त्यांनी सांगितलं नसतं का?

ओळखीचे आहेत म्हणूनच विचारणार नाहीत. बीपी बघतील, शुगर बघतील, गुडघ्याचं विचारतील, सुनेशी पटतं का तेही विचारतील. "काकू, तुमचे संबंध चालू आहेत का" हे नाही विचारणार, त्यांनाच लाज वाटते. तुम्ही म्हणा, "डॉक्टर, सगळ्या टेस्ट करायच्यात तर एचआयव्हीची पण लिहा." एवढंच वाक्य. फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये आहे असं समजू नका, बऱ्याचदा नसते.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त घेतलं आणि पॉझिटिव्ह म्हणतायत. आता?

आमच्याकडे साठीच्या वरच्या किती तरी बायका याच दारातून यायच्या. मोतीबिंदू, गुडघा, पिशवी, काहीही ऑपरेशन निघालं की रक्त तपासतात आणि तिथे कळतं. एक मावशी आठवतात, कागदाची बारीक घडी करून ब्लाउजमध्ये पैशाच्या पाकिटात ठेवलेली, घामाने शाई पुसट झालेली. खासगी लॅबच्या काउंटरवरच्या पोराने रांगेसमोर मोठ्याने विचारलं होतं, "हा एचआयव्हीवाला रिपोर्ट कोणाचाय?" त्या रिपोर्ट घेऊन सरळ रिक्षात बसल्या आणि सिव्हिलला यायला त्यांना पुढे पाच महिने लागले. डोळा तसाच.

तर आता काय करायचं. पहिलं, एका टेस्टवर काही ठरत नाही. सरकारी केंद्रात वेगवेगळ्या तीन किटवर तपासून तिन्ही जुळलं तरच पॉझिटिव्ह म्हणतात, त्यामुळे आधी आयसीटीसीत जायचं. दुसरं, खरंच पॉझिटिव्ह असलं तरी ऑपरेशन होतं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यात पॉझिटिव्ह आहे म्हणून उपचार नाकारणं हा भेदभाव आहे असं स्पष्ट आहे. तुम्हाला सांगितल्याशिवाय, तुमची संमती घेतल्याशिवाय ही टेस्ट करता येत नाही आणि रिपोर्ट दुसऱ्याला सांगता येत नाही, मुलाला सुद्धा नाही. प्रत्यक्षात काय होतं तर मुलगा फाइल धरून उभा असतो आणि डॉक्टर त्याच्याशीच बोलतात. म्हणून आधीच सांगून ठेवायचं, "रिपोर्ट माझ्या हातात द्या."

नाशिकमध्ये टेस्ट कुठे होते? किती पैसे?

सिव्हिल हॉस्पिटलला, त्र्यंबक रोडला. फुकट. बोटातून किंवा हातातून थोडं रक्त घेतात, आधी समुपदेशक बोलतात, बहुतेक वेळा त्याच दिवशी रिपोर्ट मिळतो. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात पण सोय असते. जवळचं केंद्र कुठलं ते १०९७ वर फोन करून विचारा, टोल फ्री आहे, नाव सांगावं लागत नाही.

ओळखीचं कुणी भेटेल म्हणून सिन्नरची बाई नाशिकला येते आणि नाशिकची बाई ठाण्याला जाते. जा, काही हरकत नाही, एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच. फक्त पॉझिटिव्ह आलं तर गोळ्यांसाठी सारखं जावं लागेल तेव्हा लांबचं केंद्र झेपेल का बघा. नंतर बदली करून मिळते.

कालच काही झालं असेल तर आज टेस्ट करून कळेल?

नाही. शरीरात ते दिसायला काही आठवडे जातात, त्यामुळे आज निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी परत करायची. पण ७२ तासांच्या आत असाल तर टेस्टचा विचार नंतर, आधी सरकारी दवाखान्यात पळा. २८ दिवसांच्या गोळ्यांचा कोर्स असतो, लागण टाळता येते. जितक्या लवकर तितकं चांगलं. जबरदस्ती झाली असेल तर त्याच दिवशी. हो, साठीच्या बाईवर पण जबरदस्ती होते, आणि मी ते ऐकलंय.

रामकुंडात सगळे आंघोळ करतात, कुंभमेळ्याला तर लाखो. पाण्यातून होतो का?

नाही. पाण्यातून नाही, डासातून नाही, एका ताटात जेवून नाही, संडासातून नाही, पापी घेतल्याने नाही.

शुगर तपासायच्या कॅम्पमध्ये एकच सुई सगळ्यांना टोचतात, त्याने?

सुई प्रत्येकीला नवी, तुमच्यासमोर पाकीट फोडलेली हवी. नसेल तर बोट मागे घ्या, भांडण झालं तर होऊ द्या. इन्सुलिनची सुई नवरा-बायकोत पण एक वापरायची नाही, "दोघांना शुगर, एकच पेन" हा प्रकार मी घरोघरी पाहिलाय. जत्रेतल्या गोंदणाचं पण तेच.

माझा मुलगा पॉझिटिव्ह आहे, त्याचं सगळं मीच करते. मला होईल का?

या प्रश्नाला मला नेहमी जरा वेळ लागतो. अशा आया आपल्याकडे खूप आहेत, मुलगा गेला, सून गेली, आणि सत्तरीची आजी नातवाला दर महिन्याला गोळ्यांसाठी घेऊन यायची, डब्यात पोळी-भाजी बांधून, रांगेत उभी. त्यांना गोळ्यांची नावं तोंडपाठ असायची आणि स्वतःची बीपीची गोळी मात्र चुकलेली.

सेवा करून होत नाही. अंग पुसलं, भरवलं, कपडे धुतले, थुंकी-उलटी काढली, काही होत नाही. रक्त असेल तर हातमोजे घाला, आपल्या हाताला चीर असेल तर आधी पट्टी लावा, रक्ताचे कपडे ब्लीचच्या पाण्यात भिजवा. टीबी मात्र हवेतून होतो, मुलाला टीबी पण असेल तर खिडक्या उघड्या ठेवा आणि स्वतःची टीबीची तपासणी करा.

पॉझिटिव्ह आले तर किती दिवस राहिलेत माझे?

दिवस मोजायचा आजार तो वीस वर्षांपूर्वी होता. एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रात एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या मोफत आहेत, आणि २०१७ पासून सीडी फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, कितीही असो, पॉझिटिव्ह आली की लगेच चालू करतात. बहुतेकांना दिवसाला एक गोळी. तब्येत स्थिर झाली की दोन-तीन महिन्यांच्या एकदम देतात. नियमित घेतल्या आणि वेळेत सुरू झाल्या तर आयुष्य जवळपास इतरांइतकं जातं, मग शेवटी बीपी-शुगरचीच काळजी जास्त करावी लागते. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, इतका कमी झाला की टेस्टमध्ये दिसतच नाही आणि तो तसाच राहिला, तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. पॉझिटिव्ह बायकांनी गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी मात्र चुकवायची नाही, त्यांना तो धोका जास्त असतो.

कॅल्शियम, अॅसिडिटी, शुगर, आधीच डबाभर गोळ्या आहेत. चालतात का सोबत?

हे कुणी विचारत नाही आणि विचारायला हवं म्हणून मीच घातलंय. हल्लीच्या गोळीत डोल्युटेग्रावीर नावाचं औषध असतं. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्याच्यासोबत उपाशीपोटी घेतली तर एआरटी नीट शोषली जात नाही. एकतर दोन्ही जेवणासोबत घ्या, नाहीतर एआरटी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. अॅसिडिटीची पांढरी-गुलाबी पातळ औषधं तर जेवणासोबत पण नको, तिथे दोन तास आधी-सहा तास नंतर हाच हिशोब. शुगरची मेटफॉर्मिन चालू असेल तर एआरटीच्या डॉक्टरांना सांगा, डोस बघावा लागतो. सोपा उपाय, सगळ्या पट्ट्या एका पिशवीत भरून घेऊन जा आणि टेबलावर ओता. काढा, भस्म, कुणी दिलेली पुडी, ती पण. आणि काढा चालू केला म्हणून एआरटी बंद करायची नाही, हे मला फार वेळा सांगावं लागलंय.

घरी सांगायचं का? सून भांडी वेगळी ठेवेल.

सांगायलाच पाहिजे असा नियम नाही. मुला-सुनेला सांगायचं का ते तुम्ही ठरवा. जोडीदाराला मात्र कळायला हवं, त्याची पण टेस्ट व्हायला हवी, आणि ते कसं सांगायचं यात समुपदेशक मदत करतात. सांगितल्यावर मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी भीती असेल तर ते आधी समुपदेशकाला सांगा, अशा वेळी दवाखान्याने परस्पर नवऱ्याला सांगायचं नाही असं कायद्यातच आहे. राहत्या घरातून काढता येत नाही हे पण त्याच कायद्यात आहे.

माझा अनुभव विचाराल तर एकाला तरी सांगा. गोळ्या मसाल्याच्या डब्यात, देवघराच्या फळीत लपवून ठेवणाऱ्या बायकांच्या गोळ्या चुकतात. लग्नाला आठ दिवस गावी गेल्या, सगळ्यांसमोर काढता आली नाही, राहिली. आणि गंमत म्हणजे बऱ्याच वेळा सांभाळून घेते ती सूनच, कारण तिने तिच्या बाळंतपणात हे सगळं ऐकलेलं असतं.

विधवा आहे, आता एकांशी ओळख झालीय. त्यांना टेस्ट करा असं कसं म्हणू?

आधी तर, छान. दोघांनी मिळून करा, एकाच दिवशी, म्हणजे कोण कुणावर संशय घेतंय हा प्रश्न येत नाही. ते "माझ्यावर विश्वास नाही का" म्हणाले तर पत्रिका बघताना विश्वासाचं कुणी बोलतं का विचारा.

पैशाची काही मदत मिळते?

संजय गांधी निराधार योजनेत हा आजार धरलाय, ६५ च्या पुढे श्रावणबाळ आहे. उत्पन्नाची अट असते, अर्ज तहसीलला. कागद काय लागतात ते एआरटी सेंटरच्या समुपदेशकाला विचारून मगच जा, नाहीतर चार खेपा होतात.

ताई, तुम्ही स्वतः केलीय का टेस्ट?

हा प्रश्न मला सिडकोतल्या एका हळदीकुंकवात सगळ्यांसमोर विचारला, आणि मी गप्प. इतकी वर्षं लोकांना बसवून समजावलं, हजारो रिपोर्ट हातातून गेले आणि माझी स्वतःची टेस्ट शून्य. कारण तेच, आमचे हे साधे, मी साधी, मला कसला. पुढच्या सोमवारी नणंदेला घेऊन सिव्हिलला गेले. जुनी मैत्रीण टेबलाच्या पलीकडे होती, तिने मला नियमाप्रमाणे सगळं पहिल्यापासून समजावलं, मी पण निमूट ऐकलं. दोघींचे निगेटिव्ह आले. येताना मिसळ खाल्ली, घरी येऊन ह्यांना म्हटलं आता तुमचा नंबर. त्याला चार महिने झाले, अजून "या आठवड्यात जाऊ" चालू आहे.